श्रद्धांजलीची घाई

हिंदी मुलखातल्या तात्यापारा मोहल्ल्यात कोणी मराठी माणूस वारला की बातमी नरहर देवपुजाऱ्यांनीच द्यायची, असा अलिखित नियम होऊन बसला होता. रेल्वेतून निवृत्त होऊन त्यांना अकरा वर्षं झाली होती, आणि एवढ्या वर्षांत तिथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्यांच्या आधी कोणाची श्रद्धांजली पडली नव्हती. मजकूर फोनमध्ये तयारच असायचा. 'अत्यंत मनमिळाऊ, सर्वांना हवेहवेसे' आणि पुढे जोडलेले हात. नाव तेवढं बदलायचं. या कामाचा त्यांना गर्व होता. कसला गर्व, हे विचारायची कोणाची छाती नव्हती.

त्या सकाळी ते दवाखान्यात निघाले ते अनंतरावांना धीर द्यायला. अनंतराव म्हणजे शेजारी आणि चाळीस वर्षांचे मित्र. दुसऱ्या दिवशी दहाला त्यांची बायपास ठरली होती. पुढचा झटका यांना झेपणार नाही, असं डॉक्टरांनी साफ सांगितलं होतं. पण अनंतराव ऑपरेशनला हो म्हणतील तर शपथ! बायको इरावतीबाई विनवून थकल्या. मग नरहरपंत बारा दिवस रोज त्यांच्या उशाशी बसले. "काही नाही होत बे, मी सांगून राहिलो ना," हे त्यांनी इतक्यांदा ऐकवलं की काल संध्याकाळी अनंतराव एकदाचे हो म्हणाले. कागदावर सही तेवढी आज व्हायची होती.

नरहरपंतांनी वॉर्डात पाऊल टाकलं. अनंतरावांचा पलंग रिकामा होता. चादर काढलेली, गादी गुंडाळलेली, आणि एक बाई फिनाइलनं खालची फरशी पुसत होती. तिला काही न विचारताच ते बाहेर जिन्यात जाऊन बसले आणि लहान मुलासारखे रडले. माणूस मनापासून कळवळला होता, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण रडता रडता बोटं सवयीनं फोनवर गेली, नाव बदललं गेलं आणि मजकूर निघून गेला. एवढा शहाणा माणूस, पण कोणाला एका शब्दानं विचारलं नाही.

पाचेक मिनिटांनी वॉर्डाची सिस्टर जिना उतरत होती. ती थबकली.

"दादाजी, यहाँ काहे बैठे हो? आपके दोस्त तो ऊपर हैं, तीसरी मंज़िल पे. स्पेशल रूम खाली हुआ तो उनकी मिसेज़ ने शिफ़्ट करवा लिया."

नरहरपंतांना आधी हसूच आलं. मग हातातला फोन वाजला आणि त्यांना दरदरून घाम फुटला. ग्रुपवर एकोणीस जणांचे हात जोडलेले! त्यांनी घाईघाईनं आपला संदेश पुसला. पण लोकांचे कसे पुसणार? ते तिथेच होते आणि वर भर पडतच होती. मंडळातल्या बंडूनं विचारलं होतं, 'किती वाजता नेणार?' आणि अनंतरावांचा फोन तर सदा उशाशी. पडल्या पडल्या ग्रुप वाचण्याखेरीज त्यांना दुसरा उद्योगच नव्हता.

लिफ्ट काही येईना. नरहरपंत कठडा धरून जिना चढायला लागले. दुसऱ्या मजल्यावर गुडघे बोंबलले. तिथेच थांबून त्यांनी ग्रुप चालवणाऱ्या पियुषला फोन लावला.

"पियुष, सगळं पुसून टाक बापा! अनंता ठीक आहे!"

"मतलब अंकल ज़िंदा हैं?"

"हव रे! पुस लवकर!"

तिसऱ्या मजल्यावर इरावतीबाई दारातच भेटल्या. चेहरा शांत होता, हातात अर्धी सोललेली मोसंबी. म्हणजे यांना काही कळलेलं नाही. नरहरपंतांच्या जिवात जीव आला.

"या भाऊजी. आत्ताच डोळा लागला त्यांचा. सिस्टर सहीचा कागद ठेवून गेली आहे."

आत अनंतराव डोळे मिटून पडले होते. छाती हलत होती, ती नरहरपंतांनी नीट बघून घेतली. स्टुलावर कागद, कागदावर पेन आणि शेजारी फोन. त्यांनी हळूच फोन उचलला आणि खिशात सरकवला.

"ठेव तो," अनंतराव डोळे न उघडता म्हणाले. "वाचलं मी."

नरहरपंतांनी फोन खिशातून काढून परत स्टुलावर ठेवला. इरावतीबाई एकदा यांच्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत राहिल्या.

"अनंता, चूक झाली रे. पलंग रिकामा दिसला अन् मले..."

"तुले वाटलं मी गेलो."

"माफ कर मले. हात जोडतो."

"हात तर सगळ्याइनं जोडले." अनंतरावांनी डोळे उघडले. त्यांत राग नव्हता, आणि तेच नरहरपंतांना सोसवेना. "बारा दिवस तू मले म्हणत होता, काही नाही होत. मी डॉक्टरवर भरोसा नाही ठेवला नरहर, तुह्यावर ठेवला. अन् तुले साधा पलंग रिकामा दिसला तं लगेच पटलं? कोणाले विचारावंही नाही वाटलं?"

 जन्मात पहिल्यांदा नरहरपंतांकडे तयार मजकूर नव्हता.

अनंतरावांनी स्टुलावरचा कागद उचलला, पेन बाजूला ठेवलं आणि कागदाची घडी घालून बायकोच्या हातात दिली.

"सिस्टरले सांग, उद्याचं ऑपरेशन राहू दे. घरी चाल."