चष्म्याच्या दुकानातून

नंबर फिरवून तिने घसा साफ केला. चष्म्याच्या दुकानातली बाई जरा कंटाळलेल्या आवाजात बोलते, हे तिला ताईंनी शिकवलं होतं. चष्मा तयार झाल्याचं कोणी काळजीच्या सुरात सांगत नाही.

"नमस्कार, चष्म्याच्या दुकानातून बोलतेय. वहिनींचा चष्मा तयार आहे. आहेत का त्या?"

"तिला चष्मा नाही," पुरुषाचा आवाज म्हणाला. "आणि ती आता इथं राहत नाही."

तो फोन ठेवणार, एवढ्यात मागून म्हातारा आवाज आला. "दे इकडे. माझा आहे तो चष्मा." मग फोनमध्ये, मोठ्याने, "झाला का हो तयार? उद्या येते न्यायला. काच नेहमीचीच ठेवा. दुसरी चालायची नाही."

तिने फोन ठेवला. "सासू होती," ती ताईंना म्हणाली.

ताई एचआयव्हीच्या औषध केंद्रातल्या समुपदेशक, ती तिथल्या नोंदी ठेवणारी. एचआयव्हीचं औषध घेणारा प्रत्येक जण पहिल्या दिवशी त्यांच्यासमोर बसे आणि त्या विचारत, घरी फोन करायची वेळ आली तर आम्ही कोण म्हणून बोलू? उत्तर वहीत शेऱ्याच्या जागी लिहिलं जाई. "चष्मे, शिलाई, बियाणं, सगळे धंदे करतो आपण," ताई म्हणत. "फक्त दवाखाना नाही."

यंदा देशभरासाठी एकच यंत्रणा आली. कोणी गोळ्या नेल्या, कोणाच्या चुकल्या, कोणाच्या रक्तातला विषाणू आटोक्यात आला, हे राजधानीत बसून दिसू लागलं. केंद्रातल्या सगळ्या नोंदी तिनेच उत्साहाने त्यात चढवल्या. गाव बदललेल्या माणसाला आता कुठेही गोळ्या मिळत होत्या. पूर्वी त्याचा कागद पोचेपर्यंत माणूस खचून जाई. फक्त शेऱ्याला रकाना नव्हता. तिने विचारलंही होतं. "शेऱ्यांची बेरीज होत नाही, मॅडम," प्रशिक्षक हसून म्हणाला होता. जुन्या वह्या मग रद्दीत गेल्या. शेरे उरले ते ताईंच्या आठवणीत.

गोळ्या न्यायची तारीख उलटली की यंत्रणा आपणहून संदेश पाठवी, केंद्राच्या पूर्ण नावानिशी. या वहिनींची तारीख मुलाच्या आजारपणात चुकली. फोन नवऱ्याच्या हातात होता.

दुसऱ्या दिवशी सासूबाई आल्या आणि खुर्चीच्या कडेवर बसल्या.

"केव्हापासून तुमचा चष्मा तयार होतोय," त्या म्हणाल्या. "आणि सुई मला तीच ओवून द्यायची."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"घरात दोन बायका आणि एक कपाट. गोळ्या कुठे लपवणार? मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. झाकली मूठ होती. तुमच्या संदेशानं उघडली. लेकानं मोठ्यानं वाचून दाखवला. पोराला ठेवून घेतलं आणि तिला बाहेर काढलं." त्या स्वतःच्या हातांकडे बघत राहिल्या. "मी दारातच उभी होते. बोलले नाही काही."

"तो स्वतः तपासून घ्यायला येईल का?" ताईंनी हळूच विचारलं.

"त्याला कोण सांगणार? तुमचं यंत्र?"

ताईंनी पाण्याचा पेला त्यांच्यापुढे सरकवला.

"अंगात ताप आहे तिच्या," सासूबाई म्हणाल्या. "कुठे आहे ते विचारू नका. माझे पाय चालतात तोवर गोळ्या पोचवीन."

केंद्रातल्या औषधवाल्या काकांनी गोळ्यांचे डबे आणून ठेवले. तिने वहिनींची ओळ उघडली. ओळ लाल होती: संपर्क तुटला. गोळ्या दिल्याची नोंद केली की ओळ हिरवी होणार आणि 'औषध मिळाले, धन्यवाद' असा संदेश जाणार, त्याच फोनवर. नंबर बदलायचा तर खात्रीचा ओटीपीही आधी जुन्या नंबरवरच जाणार.

तिने माउसवरचा हात काढून मांडीवर ठेवला.

"काका, नोंद नाही करत मी."

"मग साठ्यात डबे कमी दिसतील. उत्तर कोण देणार?"

"भिजले म्हणून लिहा. सही माझी घ्या."

काकांनी ताईंकडे पाहिलं. ताई सासूबाईंची पिशवी उघडून धरत होत्या. डबे आत गेले, वर टॉवेल आला.

"तिला सांगा, ताप उतरला नाही तर झाकपाक करत बसू नको, ये म्हणावं," ताई म्हणाल्या.

"पुढच्या खेपेला फोन करा," सासूबाई उठत म्हणाल्या. "माझ्या चष्म्याचा. हल्ली मला खरंच दिसत नाही म्हणून सांगून ठेवलंय घरी."

दुपारी वरून विचारणा आली. लाल ओळींतल्या माणसांचं काय धरायचं? हयात, मृत की माहीत नाही? वहिनींच्या नावापुढे तिने 'माहीत नाही' निवडलं. यंत्रणेने ते निमूटपणे घेतलं.

मग खालच्या लाल ओळीवर बोट ठेवून तिने फोन जवळ ओढला.

"ताई, या माणसाचे आपण कोण?"

ताईंनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, पडद्याजवळ वाकून नाव वाचलं. बियाणंवाले असू, शिलाईवाले असू. त्यांनी नाव पुन्हा एकदा पुटपुटून पाहिलं.

"नाही ग आठवत," त्या म्हणाल्या.

त्याच्याखाली आणखी लाल ओळी होत्या. तिचा हात फोनवर तसाच राहिला.