आचाऱ्याचे उपास

चार जानेवारीला, रविवारी, दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी आचारी बबनराव बोढे यांनी पहिलं ताट परत केलं.

ताटात तुपात चुरलेला एक रोडगा, वाटीभर वांग्याची भाजी आणि वरण होतं. कणकेचे रोडगे सकाळपासून गोवऱ्यांच्या आरावर भाजले होते. भाजी बबनरावांनीच मोठ्या गंजात, म्हणजे पातेल्यात, केली होती. समोर सतरंज्यांवर साडेतीनशे माणसं बसायच्या तयारीत होती.

"उपास हाय," बबनराव म्हणाले.

ताट धरून उभ्या असलेल्या हंसाबाईंनी विचारलं, "कोणता?"

"पौर्णिमेचा."

"पौर्णिमा तं काल झाली, बाप्पा. खळ्यात बसून मी चांद पाह्यला."

 बबनरावांच्या शेजारी भाजी ढवळायचा सराटा घेऊन उभ्या असलेल्या त्यांच्या पत्नी कोकिळाबाईंनी डोळे मिटून घेतले.

शेत मारेगावपासून सहा किलोमीटरवर, हंसाबाईंचा मुलगा नेमसिंग आडे यांचं. नव्या विहिरीला बेचाळीस फुटांवर पाणी लागलं, म्हणून जेवण ठेवलं होतं. हंसाबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. त्यांच्या घरी एक रीत आहे, की ज्यानं रांधलं त्यानं सगळ्यांसमोर पहिलं ताट खायचं, मग पंगत बसते. रीत फार जुनी नाही. आठ वर्षांपूर्वी एका बाहेरच्या आचाऱ्याचं जेवण जेवून घरातली अकरा माणसं दोन दिवस आडवी झाली होती. तो आचारी त्या दिवशी स्वतःचा डबा घेऊन आला होता, हे हंसाबाईंच्या नंतर लक्षात आलं. बबनरावांना ही रीत सांगायची नेमसिंग विसरले. ती त्यांना बारा वाजून पाच मिनिटांनी कळली.

बबनराव चोपन्न वर्षांचे. मारेगाव तालुक्यात रोडगे आणि वांग्याची भाजी म्हटलं की त्यांचं नाव निघतं. चार वर्षांपासून त्यांना स्वतःची भाजी सोसत नाही. खाल्ली की वीस मिनिटांत पोटात मुरडा येतो आणि धावावं लागतं. कधी दोन दिवस काहीच होत नाही, पोट नुसतं फुगून बसतं. आधी त्यांनी ओवा खाल्ला, मग बेलाचा मुरंबा, मग कोणीतरी सांगितलं म्हणून दीड महिना फक्त ताक. शेवटी मुलगी सुरभी त्यांना यवतमाळला डॉक्टरांकडे घेऊन गेली. ती तिथेच औषधनिर्माणशास्त्र शिकते. रक्त, शौच, सोनोग्राफी, दुर्बीण असं सगळं तपासून झालं. सगळे रिपोर्ट चांगले आले. बबनरावांना याचं वाईट वाटलं.

"काहीच नाही निघालं, तं मंग मी संडासात बसून काय करून राह्यलो?" त्यांनी डॉक्टरांना विचारलं.

डॉक्टरांनी समजावलं, की आतड्यांना जखम नाही, गाठ नाही, पण ती चिडकी आहेत. हा आजार खरा आहे. त्याने जीव जात नाही, पण तो लवकर पाठही सोडत नाही. कशाने चिडतात, ते प्रत्येकाचं वेगळं असतं. त्यासाठी वही ठेवा. जेवण वेळेवर, थोडं थोडं आणि सावकाश करा. उपाशी राहू नका.

सुरभीने वहीत रकाने आखून दिले. वेळ, काय खाल्लं, किती वेळा जावं लागलं, मन कसं होतं. मनाच्या रकान्यात बबनराव चार महिने रोज "बरं" लिहीत राहिले. पाचव्या महिन्यात सुरभीने वही तारखांशी ताडून पाहिली. कांदा, लसूण आणि हिरवी मिरची खाल्ली की त्रास होत होता, हे अपेक्षितच होतं. पण ज्या दिवशी मोठं जेवण असे त्या दिवशी काहीही न खाताच त्रास होत होता. त्यानंतर "बरं" लिहिणं बंद झालं.

वहीमुळे बरंच सुधारलं. दिवसाच्या पाच-सहा वेळा दोन-तीनवर आल्या. एक गोष्ट मात्र वहीने सुटली नाही. आचारी स्वतःची भाजी खात नाही, हे लोकांना कळलं तर त्याला कोण बोलावणार? म्हणून बबनरावांनी उपास धरले. जिथे कोणी "बसा जेवायले" म्हणालं तिथे चतुर्थी, एकादशी, सोमवार, गुरुवार, शनिवार, जे जवळ असेल ते. वर्षभरात तालुक्यात ते भगत माणूस म्हणून ओळखले जाऊ लागले. एका लग्नात तर नवरदेव आधी त्यांच्या पाया पडला. यात अडचण एवढीच, की उपासवाल्याला लोक आग्रहाने साबुदाण्याची खिचडी आणून देतात. तुपात न्हालेली, दाण्याच्या कुटाची. तीही त्यांना सोसत नाही. ती कोकिळाबाईंना खावी लागते.

भाजीही त्याच चाखतात. बबनराव वासावरून आणि वर आलेल्या तेलावरून अंदाज घेतात, कोकिळाबाई बोटभर चाटतात. एक बोट वर केलं तर मीठ कमी, दोन केली तर तिखट कमी. चार वर्षांत एकदाही भाजी बिघडली नाही.

शनिवारी वणीजवळच्या एका जेवणात बबनरावांनी पौर्णिमेचा उपास सांगितला होता. ती खरी पौर्णिमा होती. रविवारी तोंडातून तेच निघालं.

बारा वाजून बारा मिनिटांनी सतरंज्यांवरून पहिला आवाज आला. शेजारच्या शेताचे मालक उकंडाभाऊ ट्रॅक्टरवर बसून होते. रोडगे भाजायच्या गोवऱ्या त्यांनीच ट्रॉलीतून आणल्या होत्या. इंजिन सुरू होतं, म्हणून ते ओरडून बोलले.

"आचारीच खाऊन नाही राह्यला, तं आपन कायले खा?"

दोन-चार माणसं हसली. मागच्या सतरंजीवरचे सात-आठ जण उठून उभे राहिले. नेमसिंग यांनी हात जोडून त्यांना खाली बसवलं आणि बबनरावांकडे धावत आले. "बबनराव, एक घास खा ना, बावा. याडी आयकत नाही कोनाचं," ते आईकडे पाहत म्हणाले.

कोकिळाबाई पुढे झाल्या. "द्या, मी खातो."

"तू नाही," हंसाबाई म्हणाल्या. "ज्यानं गंजात सराटा फिरवला, तो खाईन."

बबनरावांनी हिशेब केला. खाल्लं तर बारा पस्तीसपर्यंत मुरडा येणार. संडास नेमसिंग यांच्या घरी, शेतापासून सातशे चाळीस पावलांवर. कोणत्याही जेवणाची तयारी सुरू करण्याआधी ते ही पावलं मोजतात, इथेही सकाळीच मोजली होती. पण आता वाटेवर ट्रॉली आडवी होती आणि पहिली पंगत तेव्हाच बसलेली असणार. न खाल्लं तर साडेतीनशे माणसं उठून जाणार, आणि संध्याकाळपर्यंत ही बातमी मारेगावच्या बसस्टँडवर पोहोचणार.

"मावशी, जरा बाजूले या," ते म्हणाले.

"इथंच सांग. उजव्या कानानं मले आयकू येत नाही, डाव्यानं कमी येते."

"पोटाचा तरास हाय," बबनराव हळूच म्हणाले.

"आं?"

"पोट! माह्या पोटाले हे भाजी सोसत नाही!"

नेमका त्याच क्षणी उकंडाभाऊंनी ट्रॅक्टर बंद केला होता. वाक्य शेताच्या बांधापर्यंत गेलं.

"भाजी खराब हाय?" हंसाबाईंनी विचारलं.

"भाजी चांगली हाय! पोट खराब हाय!"

"किती वर्सापासून?"

"चार."

"दिवसातून किती वेळा जा लागते?"

बबनरावांनी एकदा साडेतीनशे माणसांकडे पाहिलं. कोणी हललं नाही.

"चांगल्या दिवशी दोनदा," ते म्हणाले. "मोठं जेवन असलं का पाचदा. कधी सहा."

"आन मंग थे उपास?"

"खोटे."

"समदे?"

"दोन-चार खरे असतीन, मावशी. आपोआप झालेले."

पहिलं हसू कोकिळाबाईंना फुटलं. त्यांनी तोंडाला पदर लावला, पण उपयोग झाला नाही. मग सतरंज्या हसल्या. हंसाबाई हसल्या नाहीत. त्यांनी ताट नेमसिंग यांच्या हातात दिलं.

"सकाळपासून हा मानूस आगीपाशी हाय. तू काय खाल्लं मंग?"

"माह्यं येगळं केलं हाय. थोडंसं."

"आन इकडं."

बबनरावांनी ट्रॅक्टरमागून एक छोटा गंज आणला. त्यात याच शेतातली वांगी होती. जिरं, हळद, आलं, चिमूटभर हिंग आणि वरून कोथिंबीर. कांदा नाही, लसूण नाही, मिरची नाही. सोबत साधा भात. एका माणसाला पुरून थोडं उरेल एवढं.

हंसाबाईंनी बोटाने चाखलं. "फिक्कं हाय," त्या म्हणाल्या. परत थोडं चाखून म्हणाल्या, "पन वांग्याची चव लागते."

"आन मोठ्या गंजातलं कोन खाईन?" उकंडाभाऊंनी विचारलं.

"थे मी सकाळपासून तीनदा चाखलं," कोकिळाबाई म्हणाल्या. "मी काय पडली काय? उभी हाय ना तुमच्यासमोर? आन चार वर्सं झाले, तुमी समदे माह्याच जिभेवर जेवून राह्यले."

हंसाबाईंनी मोठ्या गंजातला एक घास खाल्ला आणि निकाल दिला. रीत अशी की रांधणाऱ्यानं खावं. इथं रांधणारे दोघं आहेत. याच्या वाट्याचं यानं खावं, तिच्या वाट्याचं तिनं. बबनरावांनी छोट्या गंजातले दोन घास उभ्यानेच खाल्ले, कोकिळाबाईंनी परत आलेलं ताट संपवलं. बारा वाजून चौतीस मिनिटांनी पंगत बसली.

एक वाजून पाच मिनिटांनी उकंडाभाऊ हात धुऊन बबनरावांजवळ आले.

"थे फिक्कं जरासं द्या ना. बुढीसाठी."

"कुठं हाय बुढी?"

"घरी."

"मंग डब्यात देतो."

"नाही, इथंच द्या. मीच पाहून घेतो, तिले चालन का नाही."

त्यांच्यामागून एक गुरुजी आले. त्यांनी सांगितलं, की त्यांना काही त्रास नाही, फक्त उत्सुकता आहे. मग नेमसिंग यांची भावजय बबिता आली, लेकरासाठी वाटी घेऊन. लेकरू दहा पावलांवर उभं राहून रोडगा आणि तिखट भाजी खात होतं. दीड वाजेपर्यंत अकरा माणसांनी छोट्या गंजातून घास-घास नेलं आणि गंज रिकामा झाला. दोन घासांच्या पुढे बबनरावांच्या वाट्याला साधा भात आला.

खरी गर्दी ट्रॅक्टरमागे झाली. लोक एकेकटे येत, इकडे तिकडे पाहत आणि हळूच विचारत. सकाळी दोनदा जावं लागणं म्हणजे तेच का? दुधाचा चहा सोडला तर फरक पडतो का? इसबगोल कधी घ्यायचं? बबनरावांनी सगळ्यांना एकच सांगितलं.

"माह्यं मले ठाऊक, तुमचं तुमच्या पोटाले. आधी डॉक्टरले दाखवा. रक्त पडत असन, वजन उतरत असन, तं उद्याच जा. मंग वही करा."

"वहीत काय लिव्हायचं?"

"समदं. लाज सोडून."

संध्याकाळी त्यांनी वहीत नोंद केली. "रविवार. वेळा: दोन. खाल्लं: वांगं दोन घास, भात." मोठ्या जेवणाच्या दिवशी दोन ही वहीतली पहिलीच नोंद. साडेसातला सुरभीचा फोन आला आणि त्यांनी तिला वही वाचून दाखवली.

"मनाचा रकाना काहून रिकामा हाय, बाबा?"

"काय लिव्हू, समजून नाही राह्यलं."

"बरं. पण एका दिवसावरून काही ठरत नाही, हं. पुढच्या जेवणाला पाच झाले तर नाराज नको होऊ."

सोमवारी सकाळी सव्वानऊला वणीहून फोन आला. आठ फेब्रुवारीला तिथे लग्न आहे, नऊशे माणसांचं, बबनरावांचं या मोसमातलं सगळ्यात मोठं काम. नवरीचे वडील म्हणाले, ऐकलं ते खरं का? बबनराव म्हणाले, खरं आहे. नवरीच्या वडिलांनी घरात विचारून सांगतो असं कळवलं. त्या दिवशी बबनरावांना चारदा जावं लागलं. मनाच्या रकान्यात त्यांनी "वणी" असं लिहिलं.

मंगळवारी अंगारकी चतुर्थी होती. दुपारी एक वाजता बबनराव मारेगावात मसाल्याच्या दुकानात होते. त्यांनी डबा उघडला आणि भात खायला सुरुवात केली.

"आज तं अंगारकी, बबनराव!" दुकानदार म्हणाले.

"हो. तुमी धरा."

चार वाजून चाळीस मिनिटांनी झरी जामणीहून नेमसिंग यांच्या मेहुण्यांचा फोन आला. पंचवीस जानेवारीला पाचशे माणसांचं जेवण, रोडगे, वांग्याची भाजी आणि थे फिक्कंबी पाहिजे. बबनरावांनी विचारलं, फिक्कं किती जणांचं?

"विचारून सांगतो," मेहुणे म्हणाले. "पन कोनी कबूल करन असं वाटत नाही."

"नावं नका विचारू. नुसता आकडा विचारा."

कोकिळाबाईंनी तोपर्यंत फिक्क्यासाठी मोठ्याहून लहान असा मधला गंज माळ्यावरून काढून धुवायला घेतला होता. तो चाळीस माणसांचा आहे. बबनरावांच्या मते वीसचा पुरेल. त्यावर दोघांचं एकमत झालेलं नाही.

सायंकाळी सात वाजता झरी जामणीहून निरोप आला. आतापर्यंत नऊ, विचारणं चालू आहे. वणीहून फोन आलेला नाही.