अंगावर येऊ दे

"चेंडू सोडाची घाई करू नको, मंदा. समोरचीले अंगावर येऊ दे. तिचा श्वास ऐकू आला का मंग दे."

रामकृष्ण सरांनी हे रेल्वेच्या मैदानावर, मातीतल्या हॉकीत शिकवलं होतं. सर गेले. मंदाकिनी आता तेच नवा रायपुरातल्या सिमेंटच्या रिंकवर मुलींना चाकांच्या स्केट्सवर शिकवत होती. चेंडूच्या जागी काळी चकती, पक. आइस हॉकीला लागणारं सगळं इथे होतं, बर्फ तेवढा नव्हता. तो लेहला. तिथे खेळायला जाणाऱ्या सहा मुली आज निवडायच्या होत्या.

निवडणार होते संघटनेचे सचिव श्यामराव. या गृहस्थांनी जन्मात पायात स्केट घातला नव्हता. पण नैवेद्याच्या ताटावर माशीला कोण बोलावतं? ती येतेच, आणि सगळ्यांच्या आधी बसते. खुर्ची सावलीत, मांडीवर पेढ्यांचा डबा, हातातल्या कागदावर एकच रकाना: गोल.

दोघींनी चढाई करायची, एकीनं अडवायचं. हा सराव मंदाकिनीनं वर्षभर घोटून घेतला होता. पायलनं पक घेतला, अडवणारीला आपल्याकडे ओढून घेतलं, ती अगदी अंगावर आली तेव्हा अलगद बाजूला सरकवला. ईरापुढे रिकामा गोल. ईरानं मारला. पाच वेळा तसंच झालं.

"वा रे पोट्टी! पाच!" श्यामराव ओरडले. ईरा त्यांची भाची.

पायल स्केट्स काढून आली. तिचं घर शहरापलीकडे उरल्याला, बाबांची तिथल्याच कारखान्यात दुपारची पाळी, ते गाडी सुरू करून उभे होते.

"दीदी, मैंने जल्दी तो नहीं छोड़ा ना?"

"नाही गं. एकदाही नाही."

"और लिस्ट?"

"लागली का मी स्वतः घरी येऊन सांगीन तुले. काहीबी असो. फोनवर नाही."

तासाभरानं यादी झाली. सहा नावं. पायल नव्हती.

"श्यामरावजी, ते पाचही पास पायलचे होते."

"असतीन! पन गोल किती? शून्य. मी काय लिहू इथं, दानधरम?" स्वतःच्याच विनोदावर ते पोट हलवून हसले. "अन् तुमीच शिकवलं ना तिले हे? माराचं शिकवाचं होतं."

या माणसाच्या तोंडून, चुकून का होईना, खरं निघालं होतं, म्हणून मंदाकिनीला त्याची जास्तच किळस आली. शिकवलं तिनंच होतं. पायलनं ऐकलं होतं. ईरानं कधीच नाही.

"यादीचा फोटो ग्रुपवर टाकून द्या, झालं. घ्या, पेढा घ्या."

"फोटो संध्याकाळी टाकीन. अन् उपास आहे."

"तुमचा त सोमवार राहते. आज त रविवार."

"हव. आजचाही धरला."

श्यामरावांनी तो पेढा स्वतःच्या तोंडात टाकला आणि बोटं यादीला पुसली.

मंदाकिनीनं शिट्टी पिशवीत ठेवली. रिंकच्या कडेला पडलेला पक उचलला, पदरानं पुसला, तोही ठेवला. उरल्याला थेट बस नव्हती. आधी पंडरीच्या बसस्टँडवर जायचं, आणि तिकडे जाणारी बसही पाऊण तासानं. त्या रुंद, रिकाम्या रस्त्याच्या कडेनं ती थांब्याकडे चालू लागली.