माती झाडून तोला

आपल्याकडं घरातला माणूस तुरुंगात गेला, की तो पुण्याला जातो. सोयऱ्याधायऱ्यांनी विचारलं, शेजाऱ्यानं विचारलं, उत्तर ठरलेलं असतं. "थोरले कुठं असतात हो?" "पुण्याला असतात, कंपनीत." विचारणाराही पुढं काही बोलत नाही, कारण त्याच्या घरातलंही कुणीतरी असंच पुण्याला गेलेलं असतं! अशी ही आपली इज्जत. वरून इस्त्री आणि आतून ठिगळं.

सास्तूरच्या शिवशंकरचा थोरला भाऊ बिरदेव असाच पुण्याला होता. म्हणजे जिल्ह्याच्या तुरुंगात होता, खटला उभा राहायची वाट बघत. शिवशंकर एसटीत वाहक. भूकंपानंतर बांधलेल्या वसाहतीत घर, पोरगी लग्नाला आलेली, गावात मान. तो मान जपण्यासाठी त्यानं भावाला परस्पर पुण्याला धाडलं होतं, आणि बायकोला, आईला ताकीद दिली होती, की कुणीही विचारलं तरी हेच सांगायचं.

बिरदेवनं केलं तरी काय होतं? मेंढरं राखणारा माणूस. मेंढरांच्या वाड्यामागच्या बांधावर त्याची गांजाची पाच-सहा झाडं होती. कोकरांना हगवण लागली की पाला कुटून द्यायचा, ही आज्यापासूनची रीत. आणि खोटं कशाला बोला, सांजच्याला तो स्वतःही चिलीम ओढायचा. एक दिवस पोलीस आले. म्हणाले, "ही झाडं तुझीच का?" बिरदेव म्हणाला, "व्हय, माझीच. कोकराला लागतेत. बसा की, च्या टाकतो." त्या भोळ्या माणसाला वाटलं, बांधाचा काही वाद आहे!

रानाला आदल्या दिवशी पाणी दिलेलं. झाडं मुळासकट उपटली, तेव्हा मुळाशी चिखलाचे हे एवढाले गड्डे. तशीच बांधली, एका आडत्याच्या काट्यावर टाकली आणि वजन भरलं बावीस किलो. वीस किलोच्या वर गेलं, की कायदा त्या माणसाला मोठा व्यापारी धरतो. मग जामीन म्हणजे वाळवंटात विहीर खणणं. ज्यानं उभ्या आयुष्यात पुडीभर गांजा विकला नाही, तो एका चिखलानं व्यापारी झाला.

हरणाबाई, दोघांची आई. पंच्याहत्तरी ओलांडलेली. शिवशंकर भावाला भेटायला कधी जायचा नाही, खाकी अंगावर असताना तुरुंगाच्या दारात कसं उभं राहायचं! म्हातारी मात्र भाकरी बांधून एकटी धाराशिवला जायची. एकदा नेमकी त्याच्याच गाडीत बसली. शेजारच्या बाईनं विचारलं, "मावशी, कुठं निघालाव?" हरणाबाईनं लेकाकडं बघितलं. लेक तिकिटाच्या यंत्रात मान घालून उभा. म्हातारी म्हणाली, "पुण्याला."

"अगं बया! ही गाडी धाराशिवपर्यंतच हाय!" बाई हसली, मागची माणसं हसली. कुणी म्हणालं, म्हातारी चुकली, पुढं उतरवून द्या. हरणाबाई पदर तोंडाला लावून खिडकीबाहेर बघत राहिली.  त्या दिवशी दोन तिकिटं शिवशंकरनं चुकीची फाडली.

दुसऱ्यांदा जामीन नाकारला गेला, तेव्हा मात्र त्याला आईबरोबर कोर्टात जावं लागलं. वकील होत्या अश्लेषाबाई, तुळजापूरच्या. वयानं लहान, पण बोलणं तोलूनमापून. कोर्टाबाहेरच्या झाडाखाली त्यांनी दोघांना बसवलं.

हरणाबाईनं विचारलं, "बाई, म्या अडाणी हाय. पर एक सांगा. आमी मेंढरं कातरायच्या आधी वढ्यात नेऊन धुताव. का? तर माती गेल्याबिगर व्यापारी लोकर काट्यावर घेत न्हाय. म्हणतो, मातीचं पैसं कुणी द्यायचं? मंग माझ्या लेकाचं झाड मातीसकट कसं वं तोललं?"

अश्लेषाबाईंनी हातातली फाइल मिटली. मग म्हणाल्या, "आजी, हेच मी आत सांगत होते. कायद्यात गांजा म्हणजे झाडाचा फुलोरा. नुसता पाला नाही, बी नाही. पण हिरवं झाड सापडलं तर ते कसं तोलायचं, काय काढून टाकायचं, यावर दरवेळी नव्यानं वाद घालावा लागतो. एखादे जजसाहेब ऐकतात, एखादे नाही. मी पुन्हा अर्ज करीनच. पण हे भांडण एकट्या बिरदेवचं नाही, ते कायद्यातच मिटलं पाहिजे. तुम्ही खासदारांना लिहा."

शिवशंकरचा चेहरा उजळला. "म्हंजे खासदारसाहेबांचा एक फोन लागला तर..."

"फोन नाही हो!" बाई एकदम म्हणाल्या. "आपलं इथंच चुकतं. आपण त्यांच्याकडं फोन मागतो, बदली मागतो, मंडप मागतो, लग्नाला या म्हणतो. अहो, त्यांना आपण दिल्लीला कशासाठी पाठवलंय? कायदे करायला! त्यांच्याकडं कायदा मागा. हा कायदा तिथंच होतो, तिथंच बदलतो. आजवर तुमच्या गावातून किती निवेदनं गेली असतील. त्यातलं एक तरी कायद्याबद्दल होतं का?"

"पर बाई, गांजा म्हणल्यावर..."

"गांजा चांगला असं कोण म्हणतंय? मी नाही म्हणत. ज्यांची पोरं त्यापायी वाया गेली, ती घरं मी बघितलीत. गुन्हा असेल तेवढी शिक्षा करा. पण बांधावर चार झाडं लावणारा आणि ट्रक भरून नेणारा एका मापात बसवू नका, एवढंच मागायचंय. वकिलानं लिहिलं तर ते फाइलीत जातं. ज्याच्या घराला झळ बसली त्यानं लिहिलं, तर निदान कुणी वाचून बघेल."

शिवशंकर मान खाली घालून म्हणाला, "आन् खाली सही काय करू? गांजावाल्याचा भाऊ? माझ्या पोरीला स्थळं येलालीत, बाई."

 हरणाबाईनं भाकरीचं रिकामं फडकं झटकलं आणि उठली.

थोड्याच दिवसांत गावात सभामंडपाच्या उद्घाटनाला खासदारसाहेब आले. हलग्या, फेटे, हार, सगळं यथासांग. सकाळीच आईनं शिवशंकरला परसात गाठलं. "आज बोल. कागद ऱ्हाऊ दे, तोंडानं तरी बोल. आवंदा माझा भरोसा न्हाय रं."

"बोलतो माय. आज बोलतोच."

तो हार घेऊन रांगेत उभा राहिला. पुढं पुढं सरकत नेमका साहेबांसमोर आला. साहेब हसून म्हणाले, "बोला, तुमचं काय काम?" चांगली विचारपूस केली बिचाऱ्यानं. पण मागं अख्खं गाव उभं! सरपंच, सोयरे, पोरीचं स्थळ आणणारे मामा. शिवशंकरनं एकदा मागं वळून बघितलं. आणि त्याच्या तोंडून निघालं, "काय न्हाय साहेब... आमच्या गल्लीत तेवढा हायमास्ट दिवा पायजे."

"लिहून घ्या रे!" साहेब म्हणाले. टाळ्या वाजल्या.

बायांच्या घोळक्यात हरणाबाई उभी होती. तिनं सगळं ऐकलं. घरी आल्यावर शिवशंकर तिच्याकडं बघेना. सून वर्षाराणी चुलीपुढं भाकरी थापत बसलेली. म्हातारीनं पाण्याचा तांब्या लेकापुढं ठेवला आणि म्हणाली, "दिवा मागितलास व्हय? बरं केलंस, बाबा. माझा बिरू येईल तवा वाटंला उजेड लागलंच की."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं शिवशंकरला वाटलं.

आणि काय सांगायचं, दिवा आला! खड्डा खणला, खांब उभा राहिला, बटण दाबलं की गल्लीत दिवसासारखा लख्ख उजेड. मागितलं होतं ते मिळालं. जे मागितलंच नव्हतं ते कुठून मिळणार? हरणाबाईनं तो उजेड फार दिवस बघितला नाही. थंडीत तिनं अंथरूण धरलं. शेवटी शेवटी ती दाराकडं बघून "बिरू" म्हणायची, आणि शिवशंकर "आलो माय" म्हणून तिचा हात धरायचा. एके सकाळी तो हात गार लागला.

अश्लेषाबाईंनी धावपळ करून कोर्टाची परवानगी काढली. बिरदेवला मातीपुरतं आणायचं, आणि लगेच परत न्यायचं.

दुपारी पोलिसांची गाडी गल्लीत त्या दिव्याच्या खांबापाशीच थांबली. बिरदेव उतरला. एका हातात बेडी, तिचं दुसरं टोक शिपायाच्या हातात. अंगात सदरा लोंबत होता, आत माणूस उरला नव्हता. गाव बघत होतं आणि बघत नव्हतं. जो तो दुसरीकडं मान वळवून उभा. एक पोरगं आपल्या आईला मोठ्यानं म्हणालं, "आई, हे पुण्याचे आण्णा का गं?" आईनं त्याच्या तोंडावर हात ठेवला.

तिरडीला खांदा द्यायला बिरदेव पुढं झाला, तर शिपायालाही त्याच्याबरोबर चालावं लागलं. म्हातारीच्या अंत्ययात्रेत ती बेडी वाटभर खुळखुळत होती. रानात, जुन्या वाड्याजवळ, त्यांच्या समाजाच्या रीतीनं तिला पुरलं. बिरदेवनं वाकून मोकळ्या हातानं मूठभर माती लोटली, मग दुसऱ्या हातानंही लोटायला गेला आणि बेडीनं हिसका बसला. तो तिथंच बसला, आईवर पडलेल्या मातीत दोन्ही तळवे रोवून. रडला नाही.

शिपाई वाईट नव्हता. हळूच म्हणाला, "चला आण्णा, वेळ झाली. उठा, हात झाडा."

बिरदेवनं वर बघितलं. "झाडत न्हाय, साहेब. झाडं मातीसकट तोललीत ना? आता मलाबी मातीसकटच न्या. तेवढंच वजन भरंल."

  शिवशंकरनं दोन वर्षं दाबून ठेवलेलं सगळं एकदम वर आलं. भावाच्या बेडीच्या हाताला धरून तो गावाकडं वळला आणि ओरडला, "पुण्याला न्हाय! ऐका सगळे! माझा भाऊ पुण्याला न्हाय, तुरुंगात हाय! माझ्या मायला म्या खोटं बोलायला लावलं. तिनं मला एक शब्द बोलाय सांगितला होता, आन् म्या दिवा मागितला. दिवा! लाज मला वाटायला पायजे, ह्याला न्हाय!"

बिरदेवनं धाकट्याच्या पाठीवर मातीचा हात ठेवला. मग शिपायाबरोबर चालू लागला. गाडी गेली.

दहावा झाल्यावर शिवशंकरनं पत्र लिहिलं. साधंच लिहिलं. "मा. खासदारसाहेब, आपल्याकडं फोन मागत नाही, वशिला मागत नाही. गांजाची तारीफही करत नाही. पण आमच्यात लोकरसुद्धा माती काढून तोलतात. कायद्यात एवढं स्पष्ट लिहून घ्या, की मुळं, दांडे आणि चिखल यांचं वजन माणसाच्या माथी मारू नये. आणि स्वतःपुरतं झाड लावणाऱ्याला व्यापाऱ्याच्या रांगेत बसवू नये. हे आपण सभागृहात बोलावं, अशी मतदार म्हणून मागणी करतो." खाली सही केली, "शिवशंकर, बिरदेवचा धाकटा भाऊ."

वर्षाराणीनं पत्र वाचलं. तो म्हणाला, "पोरीच्या स्थळाचं काय होईल, कुणास ठावं."

ती म्हणाली, "जी माणसं हे वाचून परत जातील, त्यांच्या घरात पोरगी द्यायचीच कशाला? आणा इकडं पेन." तिनं खाली आपली सही केली.

पत्र घेऊन तो पारावर गेला, तेव्हा वाटलं होतं, कुणी जवळ येणार नाही. पहिले आले शेजारचे श्रीमंतबापू, गावातले मानकरी गृहस्थ. चष्मा लावून पत्र दोनदा वाचलं. इकडंतिकडं बघत हळूच म्हणाले, "शिवा, माझा जावई... तोबी पुण्यालाच हाय रं." आणि त्यांनी खाली सही केली. त्यांच्यामागं धुरपदाबाई आली, तिचा भाचा पुण्याला. मग आणखी कुणाचा तरी मेव्हणा. किती माणसं पुण्याला होती त्या एका गावाची! आणि आजवर कुणाला कुणाचा पत्ता नव्हता.

या गोष्टीचा शेवट गोड आहे, असं सांगून मी तुमची फसवणूक करणार नाही. पत्राची पोच आली, छापील, "आपले पत्र प्राप्त झाले." बिरदेव अजून आतच आहे. अश्लेषाबाईंचा अर्ज पुन्हा लागायचा आहे. दिवा महिन्यात येतो, कायदा वर्षानुवर्षं घेतो. पण शिवशंकर थांबलेला नाही. दुसरं पत्र गेलं, तिसरंही गेलं, आणि आता ती एकट्याची राहिलेली नाहीत.

बंधू-भगिनींनो, आपण मत देतो आणि मग पाच वर्षं हार घेऊन रांगेत उभे राहतो. आपला प्रतिनिधी म्हणजे दिव्याबत्तीचा ठेकेदार नव्हे, तो आपल्यासाठी कायदा करणारा माणूस आहे. जो कायदा आपल्या घराला पोळतो, त्याबद्दल त्याला आपणच सांगायचं असतं, आपल्या नावानं आणि सहीनं. आणि ते सांगता येण्यासाठी आधी आपल्या माणसाला पुण्याहून परत आणावं लागतं.

परवा धाराशिवच्या गाडीत एका पाहुण्यानं शिवशंकरला ओळखलं. तिकीट घेता घेता विचारलं, "काय मास्तर, थोरले बंधू कुठं असतात सध्या?"

"तुरुंगात," शिवशंकर म्हणाला, गाडीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं. मग पिशवीतून कागद काढून पाहुण्यापुढं धरला. "हे वाचा. पटलं तर खाली सही करा."