खिंडीपलीकडचे गाणे

मार्गशीर्षातली सकाळ वेळूगडाच्या माथ्यावरून हलके हलके उतरत होती. आधी बुरुज उजळले, मग कड्याचे काळे कपाळ, मग पायथ्याचे धुकेभरले नगर. कौलांवर दव होते, दवावर ऊन होते. उन्हाला ऊब नव्हती अजून. नुसता रंग होता, केशर कालवलेल्या दुधाचा.

त्या उन्हाची एक तिरीप त्र्यंबक रेग्यांच्या खोलीत आली आणि फळ्यांवरून फिरू लागली. खोलीच्या चारी भिंतींना फळ्या होत्या, आणि फळ्यांवर आशिया होता.

रेगे सर भूगोलाचे निवृत्त प्राध्यापक. आयुष्यभर त्यांनी नकाशे शिकवले आणि आयुष्यभर नकाशांतले सूर गोळा केले. जपानचे पाऊसभिजले, कृष्णधवल चित्रपट. इराणच्या धूसर वाटांचे, कोरियाच्या मौनव्याकुळ विरहिणींचे चित्रपट. मंगोलियाच्या तृणसागरावर एकाच कंठातून दोन स्वर काढणारे घोडेस्वार. जावा बेटावरच्या काशाच्या घंटांचा थेंबथेंब नाद. तबकड्या होत्या, कॅसेटी होत्या, सीडीच्या चकत्या होत्या. दूरदेशीच्या संग्राहकांना पत्रे लिहून, महिनेच्या महिने वाट पाहून त्यांनी एकेक मिळवली होती. टपालाने पुडके आले की सर आधी हात धूत. मगच दोरा सोडत.

प्रत्येक कॅसेटवर त्यांच्या मोत्यांसारख्या अक्षरातली चिठ्ठी होती. ग्रंथालयात ते आशियाच्या संगीतावर व्याख्याने देत. गाव माना डोलावी. त्या डोलणाऱ्या मानांकडे पाहताना सरांचा चेहरा तृप्त, दीपोज्ज्वल होई.

त्या सगळ्या वैभवात त्यांचे एक लाडके गाणे होते. काठमांडूच्या एका अरुंद गल्लीत मिळालेले, नाव नसलेले. एका स्त्रीचा हिमधवल आवाज, एक तंतुवाद्य, आणि मध्येच किणकिणणारी इवलीशी घंटा. भाषा कळत नव्हती, पण घंटेत सरांना पैंजण ऐकू आले. त्यांनी चिठ्ठीवर लिहिले, ‘हिमप्रदेश. विवाहगीत. वधूचे स्वागत.’ लेकीच्या, ऋजुताच्या लग्नात, ती मुंडावळ्या बांधून मांडवात आली तेव्हा त्यांनी हेच गाणे लावले होते. आणि अजूनही हिवाळ्यात, रोज सकाळी दहाला, खिडक्या सताड उघडून ते हेच लावत. रस्त्यालाही थोडे सौंदर्य मिळावे, म्हणून.

रस्त्यापलीकडे मात्र, त्यांच्या मते, सौंदर्य नव्हते. तिथे दर हिवाळ्यात निळ्या ताडपत्र्या उभ्या राहत. ताडपत्र्यांखाली स्वेटरांचे ढीग, कानटोप्या, लोकरी शाली, आणि त्या विकणाऱ्या तिबेटी बाया. गालांवर सुरकुत्यांची जाळी, कमरेला पट्ट्यापट्ट्यांचे वस्त्र. सर त्यांच्याकडे पाहत नसत. त्यांच्यावरून गडाकडे पाहत. आणि यंदा ताडपत्र्या उंच झाल्या, गडाचा पायथा झाकला गेला, तेव्हा सरांनी नगरपालिकेला अर्ज लिहिला. ‘परक्या, अनोळखी लोकांच्या या वर्दळीने आमच्या मार्गाचे लावण्य लोपले असून संगीतसाधनेत व्यत्यय येत आहे.’ अर्ज सुंदर होता. खाली सही होती, लपेटदार.

आठ दिवसांत हुकूम निघाला. दुकाने गावाबाहेरच्या माळावर न्यावीत.

दुकाने उठायच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, सरांच्या दाराची कडी वाजली. दारात त्यांतलीच एक बाई उभी होती. साठीची, ठेंगणी, हातात काहीतरी घडी घालून धरलेले. सरांना वाटले, गयावया करायला आली. त्यांनी चेहरा कठोर केला आणि हिंदीची जुळवाजुळव करू लागले.

“मराठी बोला जी,” ती म्हणाली. “मी यांगचेन. गोंदियाकडची. तिकडे आमची वस्ती आहे, पन्नास वर्षं होत आली.”

आतून त्यांच्या पत्नी, कुमुदताई, पदराला हात पुसत आल्या.

“उद्या आम्ही चाललो इथून,” यांगचेन म्हणाली. “म्हनून इचारायला आली. तुमच्या घरचं कोन गेलं जी?”

“कोण गेलं म्हणजे?”

“रोज सकाळी ते गानं लावता ना. ते गेलेल्या लेकराचं गानं आहे. घाटात बर्फात राहून जाते लेकरू, मंग माय म्हनते. दार उघडं हाय, चूल इझवली नाही, बर्फ पडायच्या आधी ये. अन् घंटी वाजवते, त्याले वाट समजावी म्हनून. माझा भाऊ असाच राहिला खिंडीपल्याड. माझी माय म्हने हे. चार हिवाळे झाले, तुमच्या खिडकीतून आयकतो. मी रोज हात जोडून उभी राहातो तेवढा वेळ. मले वाटे, या घरातलं लेकरू गेलं.”

तिने हातातली घडी उलगडली. पांढराशुभ्र, रेशमी, झुळझुळता शेला होता. “हे त्याच्या फोटोले घाला.”

खोलीतला आशिया निःशब्द झाला. सरांच्या डोळ्यांपुढे मांडव आला. फुलांच्या माळा, अक्षता, लाजलेली ऋजुता, आणि तिच्या डोक्यावरून वाहणारे ते बर्फाचे विलाप. कानांच्या पाळ्या तापल्या.

“तो अर्ज...” कसेबसे त्यांनी उच्चारले. “तुमची दुकानं हलवायचा. तो मी...”

“माहीत हाय जी,” यांगचेन शांतपणे म्हणाली. “हपिसात वाचून दाखवला आम्हाले. बाकीच्या बाया चिडल्या. मी म्हनलं, राहू द्या. ज्याचं लेकरू गेलं, तो मानूस जगावरच रागावते. त्याले काय बोलाचं?”

किती मऊ होती ती क्षमा! शेल्याइतकीच मऊ, शेल्याइतकीच शुभ्र. सरांनी फक्त मान खाली घालायची होती, हात पुढे करायचा होता, आणि ती त्यांची झाली असती. आणि त्यांनी, रेगे सरांनी, खरोखरच मान खाली घातली. खरोखरच हात पुढे केला.

“नाही हो बाई,” कुमुदताई म्हणाल्या. आवाज स्पष्ट होता. “कुणी गेलेलं नाही. आमची मुलगी पुण्यात आहे, सुखात आहे. यांना गाण्याचा अर्थ ठाऊक नव्हता. यांनी कधी कुणाला विचारलाच नाही.”

यांगचेनचा चेहरा आधी उमलला. खरे हसू, दात नसलेल्या जागेसकट. “बरं झालं! लई बरं झालं जी. लेकरू हाय!” आणि मग ते हसू हळूहळू विरत गेले. कारण मग अर्ज उरला, नुसता अर्ज, ज्याच्यामागे कुठलेही दुःख नव्हते. तिने शेल्याची घडी घातली, पहिल्यासारखीच, कडेला कडा मिळवून, आणि पायऱ्या उतरून गेली.

सरांचा पुढे केलेला हात तसाच राहिला होता. कुमुदताईंनी तो पाहिला. त्यांनी पाहिले, हे सरांनीही पाहिले.

दुसऱ्या दिवशी कचेरी उघडताच सर अर्ज मागे घ्यायला गेले. कारकून आदराने उठून उभा राहिला. “आता हुकूम निघाला, सर. पुढच्या हिवाळ्याचं पुढच्या हिवाळ्यात बघू. पण अर्ज काय लिहिला होता तुम्ही! साहेबांनी सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवला.” सर जिना उतरले. प्रत्येक पायरीवर त्यांना आपलेच शब्द भेटत होते. परक्या. अनोळखी. लावण्य.

ते घरी गेले नाहीत. चालत चालत माळावर गेले.

माळावर वारा होता. लाल, रखरखीत, उंडारलेला वारा. बाया ताडपत्र्या उभारत होत्या आणि वारा त्या हिसकावून घेत होता. सरांना पाहून बायांनी तोंडे फिरवली. यांगचेन एका खुंटीवर दगड घालत होती. तिने मान वर केली, पाहिले, आणि पुन्हा दगड उचलला.

“माझं चुकलं,” सर म्हणाले. ते शब्दही वाऱ्याने नेले.

एवढ्यात ताडपत्रीचा एक कोपरा सुटला. निळे कापड गरजत आभाळात उसळले, दोरी सापासारखी सळसळत सरांच्या पायांशी आली.

“धरा जी!” यांगचेन ओरडली. “घट्ट धरा!”

सरांनी धरली. दोरी तळव्यांतून सरसरली, कातडी सोलवटली, तरी धरली. ती दुसरी खुंटी ठोकू लागली. घाव, आणि घाव, आणि घाव. क्षमेचे कुणी काही बोलले नाही. वर निळे कापड फुगत होते, ओसरत होते, फुगत होते. आणि खाली, धुळीने माखलेला, मान खाली घातलेला एक वृद्ध माणूस, दोन्ही हातांनी, सगळ्या बळाने, वारा धरून उभा होता.