पहारा असला की शहाणा

माझ्या संशोधनाचा विषय सांगितला की पाहुणे चहाच्या कपात बघू लागतात. म्हणून मी सोपं करून सांगते: प्रोग्राम चालू असताना त्याच्यावर पहारा ठेवायचा आणि तो कुठे अडतो ते टिपायचं.

आमच्या कॉलेजने मच्छीमार सोसायटीसाठी वाऱ्याचा इशारा देणारा प्रोग्राम केला होता. तो मधूनच गोठायचा, मग इशारा बोटींपर्यंत पोचायचाच नाही. मी पहारा बसवला, तर गडी एकदम शहाणा! एकदाही अडेना. माझे मार्गदर्शक अभय सर खूश झाले.

"पहारा तसाच राहू दे. नारळी पौर्णिमेला सोसायटीला देऊन टाकू."

मला ते पटेना. पहाऱ्यामुळे प्रोग्राम मंदावला होता, म्हणून त्याचे दोन भाग एकमेकांच्या आड येत नव्हते, एवढंच. बोटी वाढल्या की तो पुन्हा गोठणार. आणि इशारा घेणारं यंत्र सगळ्यात आधी माझ्या बाबांच्या बोटीवर बसणार होतं, पोरीच्या भरवशावर.

"दोष दाखव, मग बोल," सर म्हणाले. दाखवू काय, कपाळ? बघायला गेलं की लपायचा.

पौर्णिमेला सोसायटीच्या हॉलमध्ये सगळे जमले. संगणकाला हार घातलेला. पहिल्या रांगेत बाबा, इस्त्रीच्या शर्टात. मी सर्वांदेखत पहारा बंद केला आणि एकदम सगळ्या बोटींना इशारा सोडला. गेला. पुन्हा सोडला, तोही गेला. सर डोळे वटारत होते. मी हट्टाने सोडतच राहिले आणि शेवटी पडदा गोठला.

"काय रे, हीच काय तुझी हुशार पोरगी?" बाबांचे जोडीदार काशीरामकाका हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाबा उठले. "बरा झाला, हितंच बंद पडला. दर्यात पडला असता तर कोणाला हाक मारणार होतास?" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आपली बोट आज जायची नाय. तिच्यावरच बघ काय ता."

मला रडूच फुटलं.

बाकीच्या बोटी सुटल्या. हंगामाचा पहिला दिवस सोडून बाबा बांधलेल्या बोटीत यंत्र मांडीवर घेऊन बसले. दोष लपू नये आणि टिपताही यावा म्हणून मी जेटीवरून पहारा थोडा थोडा हलका करत इशारे सोडत होते. एक इशारा पोचला नाही, तसे ते जाळ्यात महागडा घोळ मासा सापडल्यासारखे ओरडले, "पोरी, अडाकला गं, अडाकला!"