आडव्या माणसालाच वाट

नियम माझाच होता. आम्हा शेतकऱ्यांच्या कॉफीला भाव मिळेपर्यंत मेदेयिन शहराकडे जाणारा रस्ता बंद. सोडायची ती फक्त ॲम्ब्युलन्स, तीही आत माणूस आडवा असेल तर; कारण आदल्या दिवशी एकजण सायरन वाजवत बिअरच्या पेट्या घेऊन गेला होता. "माझी पोरगी आली तरी सोडायची नाही," असं मी सगळ्यांसमोर म्हटलं होतं. माझ्या तोंडाला कुलूप कधी नव्हतंच.

आणि दुपारी पोरगीच आली.

यामिले आधी ऑपरेशनात हृदय-फुप्फुसांचं काम करणारं मशीन चालवायची. आता मेलेल्यांच्या घरच्यांनी दिलेले अवयव गावोगावहून आणणारं पथक तिच्या हाताखाली आहे. मानिसालेसच्या विमानतळावर धुकं, विमान उडेना, म्हणून रस्त्यानं निघालेली. ॲम्ब्युलन्समधलं स्ट्रेचर रिकामं. शेजारी निळी पेटी.

"आशीर्वाद दे, आई." आमच्यात भांडायचं असलं तरी आधी आशीर्वाद मागतात.

"देव भलं करो. आत काय?"

"लिव्हर. मेदेयिनला एका शिक्षिकेला ऑपरेशनला घेतायत. वेळेत पोचलं नाही तर हेही वाया आणि ती बाईही जाईल."

आमचा म्होरक्या आबेलार्दो पुढे आला. "उघडून दाखव, पोरी. कालचाही असंच रडवेलं तोंड करून आला होता."

"उघडलं की बिघडलं, काका."

"मग ओतिलियाबाईंना विचारू. नियम त्यांचा."

मागून कुणीतरी म्हणालं, "पोरगी आली तरी नाही, म्हणे." हशा पिकला.

यामिलेचा हात झाकणावर होता. थांबवलेली हृदयं सांभाळलेला हात तो; झाकण कुणाला उघडू देईना. सोडा म्हणावं तर उद्या जो तो आपली भाची आणेल, आणि मोडला आमचा बंद. नको म्हणावं तर ती शिक्षिका.

बंदवाल्यांसाठी चुलीवर ठेवलेलं सूप मी ढवळत होते, ती पळी आबेलार्दोच्या हातात दिली, गाडीत चढले आणि स्ट्रेचरवर आडवी झाले.

"हे काय?"

"माणूस आडवा आहे. नियम बघ."

"तुम्हाला काय झालंय?"

"गुडघे. आणि तू. सूपात मीठ घालायचं राहिलंय, विसरू नकोस."

पळी हातात धरूनच त्यानं रस्त्यावरचा ओंडका बाजूला करायला सांगितलं.

वळणांत पडू नये म्हणून यामिलेनं मला पट्ट्यांनी बांधलं. पुढेही रस्ते अडवलेले होते. प्रत्येक ठिकाणी मी कण्हले, आणि हळूहळू सोंग करावं लागेनासं झालं. ती पेटीचं तापमान बघायची, मग घड्याळ, मग पुन्हा तापमान.

"पोचेल ना गं?"

"आई, गप्प पड."

आयुष्यात पहिल्यांदा पडले.

मेदेयिनच्या दवाखान्याच्या दारात ती पेटी घेऊन धावली. मागे वळून बघितलंसुद्धा नाही. मला स्ट्रेचरसकट व्हरांड्यात नेऊन ठेवलं. "आजी, काय होतंय?" नर्सनं पट्ट्याला हात घालत विचारलं.

"हात नको लावू. बांधणारी येऊन सोडेल."

दारं उघडत होती, मिटत होती. दर वेळी दुसरंच कुणी. दिवे लागले. शेवटी ती आली, मास्क हनुवटीवर, भिंतीला टेकली.

"बोल की."

"रक्त सोडल्यावर लिव्हर गुलाबी झालं, आई. पित्तही सुटलं, म्हणजे कामाला लागलं."

"मग आता माझे पट्टे सोड."